गॅस संपत नाही, गळतो

वाचकहो, मे महिन्यातील इंदूर ज्यांनी पाहिले आहे त्यांस तेथील दुपारचे वर्णन करून सांगावयास नको. माळव्याच्या रात्रींचे कौतुक शतकानुशतके चालत आलेले आहे, आणि ते खोटे नाही. पण त्याच माळव्यात भर दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याची मोटार म्हणजे तापलेला तवा होऊन बसते. अशाच एका दुपारी आमच्या धर्मग्रामाच्या गाडीतून एका आजींस खेड्यावरून इंदुरास रुग्णालयात आणावयाचे होते. आजींचे हृदय अशक्त. रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरांचा. गाडीस वातानुकूलन यंत्र होते, आणि त्यात फाल्गुनातच गॅस भरून घेतला होता. तरीही अर्ध्या वाटेत जाळीतून येणारा वारा उष्ण झाला. खिडक्या उघडल्या तर लू आत येऊ लागली. आजींनी एकदा पाणी मागितले आणि मग त्यांची मान कलली.

देवाच्या दयेने आजी त्यातून सावरल्या आणि आजही प्रार्थनेस पुढच्या बाकावर बसतात. पण त्या संध्याकाळी आमचा राग अनावर झाला. ज्या कारागिराने तीन उन्हाळे ओळीने गॅस भरून दिला आणि तिन्ही वेळा पैसे घेतले, त्यास आम्ही चार माणसांदेखत फसव्या म्हटले. त्याने उलट उत्तर दिले नाही. एवढेच म्हणाला, "फादर, गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे, की जळून संपेल. तो गेला, म्हणजे कोठून तरी गेला. गाडी दोन दिवस माझ्याकडे ठेवा, आणि आपणही बसून पाहा."

आम्ही दोन दिवस बसलो. जे पाहिले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण आमच्या पुष्कळ कुटुंबांत आता घरची मोटार, भाड्याची जीप किंवा मालमोटार आहे. आणि २०२५ साली लागू झालेल्या नियमाने तर नव्या मध्यम व जड मालमोटारींच्या चालक-कक्षातही वातानुकूलन आवश्यक झाले आहे. इंदुराजवळ धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे आयशरच्या मालमोटारी आणि फोर्सच्या ट्रॅव्हलर गाड्या बनतात. तेथून निघणारी वाहने आपल्याच गावांतील तरुण चालवितात. तेव्हा ही विद्या केवळ श्रीमंतांच्या कामाची राहिलेली नाही.

प्रथम यंत्राची रीत समजून घेऊ. हाताच्या तळव्यावर स्पिरिट टाकले असता ते उडून जाताना तळवा गार पडतो, हा अनुभव सर्वांस आहे. द्रव उडून वायू होताना आसपासची उष्णता ओढून घेतो. मोटारीतील गॅस हेच करतो. भारतातील बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा पदार्थ असतो. उघड्या हवेत तो शून्याखाली सुमारे २६ अंशांवरच उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्यास दाबतो. गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत तो आपली उष्णता बाहेरच्या हवेस देऊन द्रव होतो. ड्रायर त्यातील ओल टिपून घेतो. मग अरुंद वाल्वमधून डॅशबोर्डाच्या आतील कूलिंग कॉइलमध्ये शिरताच तो उकळू लागतो, कॉइल गार करतो, आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. हा फेरा बंद नळ्यांतून चालतो. तोच गॅस पुनःपुन्हा फिरत राहतो. रबरी नळ्यांतून व सांध्यांतून अत्यल्प गॅस वर्षानुवर्षे झिरपतो हे खरे. पण जी गाडी दर उन्हाळ्यास गॅस मागते तिला गळती आहे, ह्यात शंका धरू नये.

तथापि वारा गार येत नाही म्हणून लगेच गॅसवर आळ घेणेही बरोबर नव्हे. कंडेन्सरपुढचा पंखा बंद असेल, जाळी चिखलाने भरली असेल, पट्टा सैल झाला असेल किंवा कॉम्प्रेसरच्या क्लचास वीज पोहोचत नसेल, तरीही हेच लक्षण दिसते. म्हणून आमच्या कारागिराने आधी इंजिन बंद करून दाब मोजला. आर-१३४ए हा ३० अंश तापमानास स्थिर असता दर चौरस इंचास सुमारे ९५ ते १०० पौंड दाब दाखवितो. आमच्या गाडीचा काटा त्याच्या निम्म्यावरही नव्हता; म्हणजे आत द्रव राहिलाच नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्वयंपाकघरातील सिलिंडरची ज्योत शेवटच्या दिवसापर्यंत सारखीच जळते आणि मग एकाएकी मंदावते; कारण आत थेंबभर द्रव शिल्लक असेतो दाब तोच राहतो. मोटारीतही तसेच आहे. दाब बरोबर आहे म्हणून गॅस पुरेसा आहे असे होत नाही. किती गॅस आहे हे वजनच सांगते. म्हणून भरतानाही तो काट्यावर तोलून भरावा लागतो. बोनेटाखालच्या चिठ्ठीवर ते वजन छापलेले असते. लहान गाडीस ते बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असते.

त्यानंतर डोळ्यांची तपासणी. गॅसाबरोबर थोडे तेलही नळ्यांतून फिरत असते. जेथे गॅस निसटतो तेथे तेलाचा अंश बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसते. म्हणून सांध्यावर चिकट काळा डाग दिसला की तेथे संशय घ्यावा. पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. गॅस भरण्याचे दोन वाल्व. नळ्यांच्या सांध्यांतील रबराच्या ओ-रिंगा. रबरी नळी धातूत दाबून बसविलेली असते ते टोक. कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील. आणि रस्त्यावरील खड्यांचा मार सोसणारा कंडेन्सर. गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी मात्र गळती नव्हे. ते गार कॉइलवर जमलेले हवेतील बाष्प असते, आणि ते पडणे हे यंत्र ठीक चालल्याचेच चिन्ह आहे.

डोळ्यांनंतर साबणाचे पाणी. ब्रशाने फेस लावून पाहता गॅस भरण्याच्या एका वाल्ववर लहानसा बुडबुडा फुगला. त्यावरचे टोपण केव्हाच हरवले होते, आणि आत मातीचे कण शिरून वाल्वची सुई नीट बसत नव्हती. आम्हांस हर्ष झाला. आम्ही म्हणालो, "सापडली! आता सुई बदला आणि गॅस भरा. आजच गाडी नेतो." कारागीर हसला. "फादर, एक सापडली म्हणजे एकच होती, असे कोणी सांगितले?"

त्याने उरलासुरला गॅस हवेत न सोडता यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घेतला, वाल्वची सुई बदलली, आणि नळ्यांत कोरडा नायट्रोजन दर चौरस इंचास १५० पौंड दाबाने भरला. नायट्रोजनच का, असे आम्ही विचारले. साध्या हवेत ओल असते, आणि ती ह्या यंत्राची वैरीण. प्राणवायू तर चुकूनही भरू नये. दाबाखाली तो तेलास भेटला की स्फोट होतो. दाबही गाडीच्या कारखान्याने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर नेऊ नये.

दुपारी तीन वाजता, बेचाळीस अंशांत, काटा १५० वर होता. रात्री हवा सत्तावीस अंशांवर आली तेव्हा आम्ही कंदिलाच्या उत्सुकतेने पुन्हा पाहिले. काटा १४२ वर! आम्ही म्हणालो, दुसरीही गळती आहे. कारागीर म्हणाला, "ही गळती नव्हे, ही माळव्याची रात्र आहे." आम्ही कागद घेऊन हिशेब केला. वायू गार झाला की त्याचा दाब त्याच प्रमाणात उतरतो, आणि पंधरा अंशांच्या फरकाने १५० चे १४२ व्हावयासच हवेत. त्याचे बोलणे पौंडापर्यंत खरे होते. म्हणून ज्या वेळी व ज्या तापमानास पहिला आकडा घेतला, त्याच तापमानास दुसरा घ्यावा. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता पुन्हा बेचाळीस अंश झाले. काटा १५० वर परतावयास हवा होता; तो १३८ वर होता. आता मात्र ती माळव्याची रात्र नव्हती.

बाहेरच्या सर्व सांध्यांवर पुन्हा फेस लावला. कोठेही बुडबुडा नाही. उरली ती डॅशबोर्डाच्या आत लपलेली कॉइल. बऱ्याच ठिकाणी अशा वेळी गॅस हुंगणारे विजेचे यंत्र वापरतात. आर-१३४ए हवेहून सुमारे साडेतीन पट जड असल्याने तो खाली उतरतो. म्हणून त्या यंत्राची सोंड सांध्याच्या खालच्या अंगास, आणि कॉइलसाठी पाणी टपकण्याच्या नळीच्या तोंडाशी, पंखा बंद ठेवून धरतात. दुसरी रीत अशी की, तेलात चमकणारा रंग मिसळून काही दिवस गाडी चालवावी आणि मग निळसर-जांभळ्या दिव्याखाली तो कोठे झळकतो ते पाहावे. आमच्या गाडीत मात्र गॅस काढलेला होता. कारागिराने पंख्याचा डबा सोडविला, त्या भोकातून हात घालून कॉइलवर फेस फवारला, आणि आरसा व बॅटरी आमच्या हाती दिली.

आरशात आम्ही जे पाहिले ते विसरणे नाही. कॉइलच्या कोपऱ्यात निंबाच्या पानांचा काळा, ओला, कुजलेला लगदा बसला होता, आणि त्याच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. चर्चच्या आवारात गाडी ज्या निंबाच्या सावलीत उभी असते, त्याचीच ती पाने. ती आत शिरू नयेत म्हणून हवेच्या वाटेवर एक जाळी असते. ती फाटल्याचे चालकाने आम्हांस दोन वर्षांपूर्वी सांगितले होते, आणि "पुढे पाहू" असे आम्हीच म्हटले होते. ओली पाने कुजत राहिली आणि कॉइलचे पातळ ॲल्युमिनियम त्यांनी कुरतडले.

कॉइल नवी घालावी लागली. अशा ठिकाणी डाख देणे टिकत नाही, आणि गळती आतून बुजविणारी जी औषधे बाटलीत विकतात ती यंत्राच्या अरुंद वाटा तुंबवितात व गॅस ओढून घेणाऱ्या यंत्रासही बिघडवितात. नळ्या उघडल्या की सोडविलेल्या प्रत्येक सांध्यास नवी ओ-रिंग तेल लावून बसवावी, ड्रायर नवा घालावा, आणि जुन्या कॉइलबरोबर गेलेले तेल मोजून परत द्यावे. हे सर्व झाल्यावर पंपाने नळ्यांतील हवा ओढून निर्वात करतात. त्याने दोन कामे होतात: हवा जाते, आणि उरलेले पाणी तीस अंशांच्या हवेतही उकळून बाफ होऊन निघून जाते.

येथे आमच्या पुस्तकी ज्ञानाने पुन्हा एकदा मार खाल्ला. आमच्या पुस्तकात लिहिले होते की, पूर्ण निर्वात झाले म्हणजे काटा जवळजवळ ३० इंचांवर येतो. आमचा काटा २८ इंचांवरच अडला. पंप दुबळा आहे किंवा तिसरी गळती आहे, असा आम्ही निकाल दिला. कारागीर म्हणाला, "फादर, ते तीस इंच मुंबईचे. इंदूर वर आहे." खरोखर इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. येथे डोक्यावरील हवेचे ओझेच २८ इंच पाऱ्याइतके; जितके आहे त्याहून अधिक कोणता पंप काढून दाखविणार? पाहावयाचे ते एवढेच, की पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहतो की नाही. तो अर्धा तास राहिला. मात्र निर्वात टिकले म्हणजे गळती नाही, असा निर्वाळाही देऊ नये. आतून ओढ असता ओ-रिंग घट्ट बसते, आणि तीच आतून दाब येताच वाट देते. म्हणून नायट्रोजनची परीक्षा आधी, निर्वात मागून. शेवटी चिठ्ठीवरील वजनाइतका गॅस तोलून भरला. त्या गोष्टीस एक उन्हाळा आणि एक पावसाळा लोटला; पुन्हा गॅस भरावा लागलेला नाही.

पैशांचा हिशेब केला तेव्हा तीन वर्षे भरलेल्या गॅसाची रक्कम नव्या कॉइलच्या किमतीच्या पुढे गेली होती. पण हिशेब पैशांपाशी संपत नाही. मोटारीत वातानुकूलन प्रथम आणले ते अमेरिकेतील पॅकार्ड कारखान्याने १९३९ च्या अखेरीस. पुढे अनेक वर्षे मोटारींत आर-१२ हा गॅस असे. तो वर आकाशात जाऊन ओझोनचे आवरण झिजवील, असे मोलिना व रोलँड ह्या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले. १९८५ साली दक्षिण ध्रुवावर ते आवरण विरल झाल्याचे उघड झाले, १९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्रांचा करार झाला, आणि भारत १९९२ साली त्यात सामील झाला. आर-१२ च्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनास उपद्रव देत नाही, पण पृथ्वीचा उष्मा वाढविण्यात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० ते १,५०० पट आहे. अर्धा किलो गॅस हवेत गेला, तर सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्याइतके होते. आम्ही तीन वेळा घालविला. गाडी आतून गार करण्यासाठी बाहेरचे जग तापविले, आणि आतही गारवा मिळाला नाही. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत हा गॅस घालता येत नाही. किगाली येथे २०१६ साली झालेल्या ठरावास भारताने २०२१ साली मान्यता दिली आहे, आणि २०३२ पासून २०४७ पर्यंत आपल्या देशासही असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करावयाचे आहेत.

आता धोक्याचे दोन शब्द. स्वस्त गॅसाच्या मोहात पडू नये. २०११ साली जहाजांवरील शीतपेट्यांत आर-१३४ए म्हणून बनावट गॅस भरला गेला. त्यातील मिथाइल क्लोराइड ॲल्युमिनियमशी मिळून हवा लागताच पेट घेणारा पदार्थ तयार झाला, आणि त्या स्फोटांत बंदरातील कामगार प्राणास मुकले. स्वयंपाकाचा गॅस मोटारीच्या यंत्रात भरून देणारे महाभाग आढळतात. त्याने वारा गार येतो खरा, पण कॉइल फुटली तर तो गॅस बसणाऱ्यांच्या नाकाशी येतो, आणि मग एक ठिणगी पुरे. गॅस आत असताना नळीस डाख देऊ नये, ज्योत लावू नये. तापलेल्या ज्योतीत आर-१३४ए पासून विषारी वाफा होतात. खड्ड्यात किंवा बंद खोलीत हे काम करू नये. जड गॅस खाली साठतो आणि श्वास कोंडतो. अंगावर उडाला तर कातडी गोठते. म्हणून घरच्या मुलांनी पाहावे, विचारावे. नळ्या मात्र उघडू नयेत.

घरच्यांनी करावयाचे ते सोपे आहे. हवेच्या वाटेवरील जाळी शाबूत ठेवावी, पाने काढावी. वाल्वची टोपणे हरवू देऊ नयेत. कंडेन्सर हलक्या पाण्याने धुवावा. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे यंत्र चालवावे, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलास तेल मिळते आणि ते सुकून तडकत नाही. आणि कारागिरास "गॅस भरा" असे सांगू नये, "गळती कोठे आहे?" असे विचारावे. त्याने दोन दिवस मागितले तर द्यावे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. गाडी घरी आल्यावर आम्ही जुन्या पावत्या काढून पाहिल्या. तिन्ही पावत्यांवर रकमेच्या खाली त्या कारागिराच्या हस्ताक्षरात एकच ओळ होती: "गळती तपासणे आवश्यक." आम्ही तीन वर्षे केवळ रक्कम वाचली होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच्या दुकानी गेलो. ज्या चार माणसांदेखत त्यास फसव्या म्हटले होते त्यांपैकी तिघे भेटले. त्यांच्यादेखत क्षमा मागितली. चौथा परगावी गेला होता, त्यास पत्र लिहिले. कारागिराने चहा मागविला आणि म्हणाला, "फादर, ती निंबाखालची जागा तेवढी बदला."

जागा बदलली आहे. गाडी आता भिंतीच्या सावलीत उभी असते, आणि आजींची रुग्णालयाची पुढील तारीख त्याच गाडीच्या वहीत लिहिलेली आहे. वाचकांस आपल्या वाहनांविषयी काही विचारावयाचे असल्यास अवश्य लिहावे. आम्हांस उत्तर येत नसेल तर ज्यास येते त्यास विचारून कळवू.